आईला घेऊन न्यू मेक्सिकोच्या प्वेब्लो गावांत जायचंय? आधी कॅलेंडर, मग तिकीट

सगळ्यात आधी एक काम करा, विमानाच्या तिकिटाची साइट बंद करा आणि कॅलेंडर उघडा. मी उलटं करत होते, मार्चचं स्वस्त तिकीट दिसलं म्हणून जवळजवळ बुक केलंच होतं आणि मग कळलं की टाओस प्वेब्लो (प्वेब्लो म्हणजे अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या मूळ रहिवाशांचं गाव, आणि त्या लोकांनाही प्वेब्लोच म्हणतात) हिवाळा संपता संपता साधारण दहा आठवडे बाहेरच्यांसाठी बंदच असतं, त्यांची धार्मिक कामं चालू असतात तेव्हा. म्हणजे बडोद्याहून निघून, अमदावादला जाऊन, तीन विमानं बदलून, एकाहत्तर वर्षांच्या आईला तिथवर न्यायचं आणि बंद गेट बघून परत यायचं, हे झालं असतं. आणि यात चूक कोणाची नसती, कारण ती लोकांची घरं आहेत, स्मारक नाही, त्यांच्या घरात काय चाललंय त्यावर दार उघडं की बंद ते ठरतं.

हे एवढं डोक्यात बसलं की बाकीचं प्लॅनिंग सोपं आहे, खरंच.

न्यू मेक्सिकोत अशी १९ प्वेब्लो गावं आहेत, प्रत्येकाचं स्वतःचं सरकार, स्वतःचा गव्हर्नर, स्वतःचे कायदे. एका गावात चालतं ते दुसऱ्यात चालेलच असं नाही. काही गावं रोज पाहुण्यांना येऊ देतात, काही फक्त सणाला, काहींचं एखादं म्युझियम तेवढं उघडं असतं. हेमेस प्वेब्लोचं गाव एरवी बंद, सणाला उघडं. त्यामुळे ज्या ज्या गावात जायचंय त्याची स्वतःची साइट बघा आणि निघायच्या आदल्या दिवशी फोनही करा, कारण गावात कोणी वारलं तर अचानकही बंद ठेवतात. आपल्याकडे वाड्यात कोणी गेलं की आपण लग्नाचा मांडवसुद्धा उतरवतो, तसंच.

आम्ही सप्टेंबर धरला आणि मला तोच सगळ्यात योग्य वाटतो. जुलै-ऑगस्टात तिथेही पावसाळा असतो, त्याला ते लोक मॉन्सूनच म्हणतात, दुपारी धाडकन गडगडाट आणि कोरड्या ओढ्याला लोंढा. वसंतात वारा फार, डोळ्यांत माती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अल्बुकर्कीत, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या शहरात, बलून फिएस्टा (गरम हवेच्या फुग्यांची जत्रा) असतो तेव्हा हॉटेलचे भाव बघूनच माणूस खाली बसेल. सप्टेंबरात सणही आहेत, २ तारखेला अकोमाचा, १९ ला लगूनाचा, ३० ला टाओसचा. आम्ही १९ सप्टेंबर मध्ये ठेवून पुढेमागे दहा दिवस आखले. व्हिसाचं मात्र वर्षभर आधीपासून बघायला लागा, मुंबईची अपॉइंटमेंट कधी मिळेल याचा नेम नाही, आणि ती हातात आल्याशिवाय परत न मिळणाऱ्या कशाचेही पैसे भरू नका.

आता उंची. याकडे आपले लोक अजिबात लक्ष देत नाहीत, कारण वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कच्छ येतं, सपाट. पण अल्बुकर्की साधारण १६०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या बरोबरीला, आणि सान्ता फे २१०० च्याही वर. गिरनारचं सगळ्यात उंच टोक १११७ मीटर, आणि आपलं बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५-४० मीटर. तर आईला पहिल्याच दिवशी सान्ता फेला नेऊ नका. आधी अल्बुकर्कीत दोन-तीन रात्री, मग सान्ता फे, शेवटी टाओस, असं वर वर जा. हवा इतकी कोरडी असते की तहान लागत नाही आणि शरीरातलं पाणी जात राहतं, आईला दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड झालं होतं, ते पाणी कमी प्यायल्यामुळेच. मग मी नियम केला की गाडीचं दार उघडलं की आधी दोन घोट. बीपी, शुगर, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा, नुसतं अमेरिकेला जातोय म्हणू नका. औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथे कोणाला कळत नाहीत, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना आधीपासूनच्या आजारांचं कलम नीट वाचा.

दिवसाला एकच ठिकाण. हे आईच्या गुडघ्यांसाठी म्हणून ठरवलं होतं पण खरं तर सगळ्यांनीच असं फिरावं. सकाळी आठ-नऊला निघायचं, एकपर्यंत परत, दुपारी आडवं व्हायचं, संध्याकाळी जवळच कुठेतरी. अंतरं तशी फार नाहीत, अल्बुकर्की ते सान्ता फे शंभर किलोमीटर, तिथून टाओस एकशेदहाच्या आसपास, आणि अल्बुकर्कीहून अकोमाही पश्चिमेला शंभरेक. गाडी भाड्याने घ्यावीच लागते, आमची भावाने चालवली, तो डॅलसहून आला होता. हॉटेल घेताना खालच्या मजल्याची खोली मागा आणि बाथरूममध्ये टबाची कड ओलांडून आत जायचं नाहीये ना ते फोन करून विचारा, वॉक-इन शॉवर म्हणायचं. आमच्या पहिल्या हॉटेलने हो हो सांगून टबवालीच खोली दिली, आणि आई तीन दिवस बादलीऐवजी आइसच्या डब्याने आंघोळ करत होती. पुढच्या मोटेलचे मालक निघाले आपल्या आणंदकडचे, त्या भागात कितीतरी मोटेलं गुजराती लोकांची आहेत, आईने काउंटरवर केम छो म्हटलं आणि अर्ध्या तासात खोलीत आल्याचा चहा आला.

पहिला थांबा अल्बुकर्कीतलं इंडियन प्वेब्लो कल्चरल सेंटर ठेवा. १९७६ मध्ये सुरू झालेलं, १९ प्वेब्लोंनी मिळून चालवलेलं, म्हणजे त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून. शनिवार-रविवारी नाच असतात, बसायला जागा असते, आणि आईवडिलांना कळतं की पुढचे दिवस आपण काय बघणार आहोत. आई आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवायची, तिच्या डोक्यात शब्द होता ‘रेड इंडियन’, आपल्या पुस्तकांत तोच होता. तो शब्द घरीच सोडून द्या. प्वेब्लो म्हणा, नाहीतर त्या त्या गावाचं नाव घ्या, अकोमाचे लोक, लगूनाचे लोक. तसंच ‘अनासाझी’ हा जुना शब्द गाइडबुकात सापडेल, तो नवाहो या शेजारच्या मूळ जमातीच्या भाषेतला आहे, शत्रूंचे पूर्वज असा काहीसा अर्थ होतो, त्यामुळे प्वेब्लो लोकांना तो आवडत नाही, आणि का आवडावा.

जायच्या आधी आईला थोडा इतिहास सांगा, त्याने पुढे फोटोवरून वाद होत नाहीत, सांगते कसं. स्पॅनिश लोक १५९८ मध्ये वस्ती करायला आले, १५९९ च्या जानेवारीत त्यांनी अकोमा उद्ध्वस्त केलं, शेकडो माणसं मारली, आणि उरलेल्यांतल्या पंचविशीपुढच्या पुरुषांना एक पाय तोडण्याची शिक्षा सुनावली. पुढे ऐंशी वर्षं त्यांच्या देवधर्मावर बंदी, किवा म्हणजे त्यांच्या पूजेच्या खोल्या उद्ध्वस्त केल्या, पुजाऱ्यांना फटके. मग ओहके ओविंगे प्वेब्लोचा पोपे नावाचा माणूस उभा राहिला. त्याने गावोगाव धावणारे निरोपे पाठवले, हातात गाठी मारलेल्या दोऱ्या, रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. दोन निरोपे पकडले गेले म्हणून ठरल्यापेक्षा आधीच, १० ऑगस्ट १६८० ला उठाव झाला, आणि स्पॅनिशांना बारा वर्षं तिथून हाकलून लावलं. मी हे विमानात वाचून दाखवत होते तर आई एकदम सरळ बसली, म्हणाली, “सोळाशे ऐंशी? महाराज गेले त्याच वर्षी?” हो, महाराज एप्रिलमध्ये गेले आणि हे ऑगस्टात. मग तिला काही समजवायला लागलं नाही. देव लपवून जपावे लागले त्या लोकांना, आणि नंतर शेदोनशे वर्षांनी फोटोवाले आणि संशोधक येऊन तेच सगळं छापून विकायला लागले, तर आज ते म्हणतात फोटो नको, अर्थ विचारू नका, किवाजवळ जाऊ नका, यात शिष्टपणा काही नाही.

म्हणून फोन. सणाच्या दिवशी फोन गाडीतच ठेवा, खिशातही नको. फोटो नाही, व्हिडिओ नाही, रेकॉर्डिंग नाही, वहीत चित्रसुद्धा काढायचं नाही. एरवीच्या दिवशी प्रत्येक गावाचा नियम वेगळा, टाओसला स्वतःपुरते फोटो चालतात पण चर्चच्या आत नाही आणि माणसाचा काढायचा तर आधी विचारून, अकोमाला परमिट लागतं आणि व्हिडिओ चालतच नाही. आपल्या घरच्या ग्रुपवर रोज फोटोंची वाट बघणारे असतात, त्यांना निघतानाच सांगून ठेवा.

अकोमाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण आईवडिलांना घेऊन जायचं तर तेच सगळ्यात अवघड वाटतं आणि प्रत्यक्षात तेवढं नाहीये. शंभर-सव्वाशे मीटर उंच सरळ कड्याचा डोंगर, त्याच्या सपाट माथ्यावर गाव, खालून बघितलं की आई म्हणाली हे आपल्याला झेपायचं नाही. पण खाली कल्चरल सेंटर आहे, तिथून त्यांचीच बस वर नेते, आणि वर त्यांच्या गाइडबरोबरच फिरायचं, एकट्याने नाही. साधारण दीड तास. जमीन खडबडीत आहे, सावली जवळजवळ नाही, वर वीज नाही, नळ नाही, तर बाथरूमला खालीच जाऊन या. चपला नकोत, मागे पट्टा असलेले बूटच. आईला साडीच नेसायची होती, ठीक आहे म्हटलं, पण माथ्यावरचा वारा असा की निऱ्या हातात धरून चालावं लागलं, आणि एका हातात काठी, दुसऱ्या हातात निऱ्या, मग मला धरणार कशाने. दुसऱ्या दिवसापासून पंजाबी ड्रेस. परत येताना कड्यात कोरलेल्या जुन्या पायऱ्यांनी उतरता येतं, भाऊ उतरला, आम्ही दोघी बसने.

वरचं सान एस्तेबान चर्च १६२९ नंतर बांधलेलं, आत जमीन मातीची, छताची लाकडं दूर माउंट टेलरवरून माणसांनी खांद्यावर आणली. अंगणातल्या दफनभूमीची माती सुद्धा खालून वाहून आणलेली. आणणारे कोण, तर तेच, ज्यांच्यावर जबरदस्ती झाली. आणि आज ते चर्च त्यांचं आहे आणि किवाही त्यांची आहे. गाइड हे अगदी शांतपणे सांगत होती, आई तिच्या शेजारून हलली नाही.

वाटेत घरांसमोर टेबलं मांडून बायका मडकी विकतात. पांढऱ्यावर काळ्या बारीक रेघा, इतक्या बारीक की चष्मा काढून जवळ जाऊन बघावं लागतं. एका आजींनी आईला ब्रश दाखवला, युक्का नावाच्या झाडाचं पान, टोक चावून चावून दोन-चार तंतू उरवलेले. त्याने फिरत्या चाकाशिवाय, हाताने वळ्या रचून केलेल्या मडक्यावर ती रेघ ओढायची. आईने विचारलं (मी भाषांतर करत होते) की मातीत काय घालता, तर म्हणाल्या फुटलेल्या जुन्या मडक्यांची पूड, नाहीतर भाजताना तडकतं. म्हणजे नव्या मडक्यात जुनं असतंच. आई बराच वेळ ते मडकं हातात घेऊन उभी होती. विकत घेताना एकच विचारा, हाताने घडवलंय की साच्यातलं आहे, दोन्ही मिळतात, भावात खूप फरक असतो, आणि विचारलं की ते खरं सांगतात. भाव करू नका, मांडवीत करतो तसा तर नाहीच, मी आईला बसमध्येच सांगून ठेवलं होतं. महाग वाटलं तर छान आहे म्हणा आणि पुढे व्हा. चांदी-फिरोजाचे दागिने हवेत तर सान्ता फेला पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या पडवीत कारागीर स्वतः खाली चादरी पसरून बसलेले असतात, दुकानापेक्षा तिथे घ्या, करणाऱ्याच्या हातात पैसे जातात. दुसऱ्याने केलेलं तिथल्या मूळ लोकांचं म्हणून विकणं गुन्हा आहे, १९९० चा कायदा आहे, तरी नकली माल असतोच.

लगूनाचा सण. नाचाबद्दल मी जास्त लिहीत नाही, ते त्यांचं आहे. आपण काय करायचं तेवढं सांगते. कडेला उभं राहा, पुढच्या खुर्च्या घरच्या लोकांच्या असतात, चौक मधून ओलांडू नका, टाळ्या वाजवू नका, ती प्रार्थना असते, शेजारच्याला हे कशासाठी ते कशासाठी विचारू नका. घडीची छोटी खुर्ची आईवडिलांसाठी बरोबर ठेवा, डोक्यावर टोपी, आणि दारू कुठल्याही प्वेब्लोत बरोबर नेऊ नका.

आणि मग कोणीतरी तुम्हाला घरी जेवायला बोलावेल. हा सणाचाच भाग असतो, अनोळखी माणसालाही बोलावतात. स्वतःहून कोणाच्या दारात जाऊ नका पण बोलावलं तर नाही म्हणू नका. आईला एका बाईंनी हाताला धरूनच आत नेलं. लांब टेबल, बसलेले उठले की पुढचे बसतात, अगदी आपल्या गौरीजेवणाच्या पंगतीसारखं, त्यामुळे आईला कोणी सांगावं लागलं नाही की जेवण झालं की गप्पा मारत बसायचं नसतं, ती हात पुसून उठली आणि पुढच्या आजोबांना खुर्ची दिली. पैसे देऊ नका, आभार माना. आम्ही बडोद्याहून नेलेली लीलो चेवड्याची पाकिटं होती, जाताना दोन दिली, चालतं असं, छोटी खाण्याची भेट.

शाकाहारी असाल तर बसायच्या आधीच नीट सांगा. पोसोले म्हणजे मक्याची आमटी दिसते पण त्यात डुकराचं मांस असतं, लाल आणि हिरव्या मिरचीच्या रश्श्यातही बहुतेकदा मांस, घेवड्यात कधी कधी चरबी. आईला पाव, मका, भोपळा, कलिंगड, ‘पाय’ (pie, भट्टीत भाजलेला गोड पदार्थ) असं सगळं मिळालं, आणि पाव तर असा होता की ती अजून त्याचं नाव काढते. बाहेर मातीच्या घुमटासारख्या भट्टीत भाजतात, ओर्नो म्हणतात तिला. हॉटेलात वेटर ‘रेड ऑर ग्रीन’ विचारेल, म्हणजे कुठली मिरची, दोन्ही हव्या तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. थेपले-खाखरे न्या, पण विमानतळावर फॉर्म किंवा अधिकारी विचारेल तेव्हा खाण्याचं आहे असं सरळ सांगा, ताजी फळं आणि बिया नकोत.

टाओस शेवटी ठेवा, उंचीमुळे आणि दुसरं म्हणजे त्यानंतर बाकी काही बघावंसं वाटत नाही. एकावर एक रचलेली मातीची घरं, मधून ओढा, १९९२ पासून जागतिक वारसा यादीत, आणि जुन्या गावात आजही वीज नाही, नळ नाही, ते त्यांनी ठरवून ठेवलेलं. तो ओढा येतो वरच्या ब्लू लेकमधून, त्यांचं पवित्र तळं, सरकारने १९०६ मध्ये काढून घेतलं आणि ६४ वर्षं लढून १९७० मध्ये त्यांनी परत मिळवलं. पाण्यात हात घालू नका, ते पिण्याचं आहे. आई एका भिंतीसमोर थांबली, हात न लावता, वाकून. मातीतून काड्या दिसत होत्या. “अगं, हे तर सारवलंय.” खरंच, दर वर्षी माती आणि काड कालवून परत लिंपतात. भुजजवळच्या भुंग्यांत, म्हणजे कच्छमधल्या मातीच्या गोल घरांत, तिने हेच बघितलं होतं, लहानपणी आजोळी स्वतः केलं होतं, मग गाइडला तिने हातानेच करून दाखवलं की आम्ही असं असं करायचो, अर्धगोल, आणि तो मुलगा हसून म्हणाला माझी आजी पण.

प्वेब्लोंच्या पूर्वजांच्या जुन्या वस्त्यांचे अवशेषही बघायला मिळतात, त्यातल्या बँडेलियरला जायचं तर शिड्या चढायच्या नाहीत असं आधीच ठरवा, खालची वाट सोपी आहे, तेवढी पुरते. चाको कॅन्यन आईबरोबर नको, शेवटचा रस्ता कच्चा आहे, पाठीचे मणके मोजून होतील. मेसा व्हर्दे लांब पडतं, दहा दिवसांत कोंबू नका. गावांकडे जाताना पेट्रोल भरून घ्या, नकाशा डाउनलोड करून ठेवा, नेटवर्क जातं, आणि प्वेब्लोच्या हद्दीत वेगमर्यादा पाळा, पोलीस त्यांचे स्वतःचे असतात.

मडकं घेतलंत तर ते चेक-इन बॅगेत घालू नका. आमचं आईच्या दोन सुती साड्यांत गुंडाळून तिच्या मांडीवर आलं, तीन विमानं, व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती त्यामुळे सिक्युरिटीलाही घाई झाली नाही. आता ते दांडिया बाजारच्या घरात कपाटावर आहे, हिंचक्यावरून दिसेल असं. त्यात पाणी किंवा ताजी फुलं ठेवू नका मात्र, रंग आणि माती दोन्ही सुटतात, आणि पुसायचं तर कोरड्या मऊ कपड्याने, ते काम आई दुसऱ्या कोणाला करू देत नाही.